इंद्रद्युम्न राजा आणि जगन्नाथाची अपुरी मूर्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुरीहून परत आलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो, "दर्शन नीट झालं का?" आणि दुसरा, जरा आवाज उतरवून, "त्या मूर्तीला हात-पाय का नाहीत हो?" दुसऱ्याचं उत्तर द्यायचं तर इंद्रद्युम्न राजापासून सुरुवात करावी लागते आणि मग एकातून एक प्रश्न निघत जातात. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. गोष्ट माहीत असेल तर पहिलं उत्तर ओलांडून पुढे गेलात तरी चालेल.

गोष्ट काय आहे?

अवंतीचा, म्हणजे माळव्याचा राजा इंद्रद्युम्न. विष्णुभक्त. राज्य, सैन्य, खजिना, कशाची वाण नव्हती. हवं होतं ते एकच, देव या डोळ्यांनी पाहायला मिळावा. एका यात्रेकरूकडून त्याच्या कानावर आलं की पूर्वेला समुद्राकाठी नीलाचलावर विष्णू नीलमाधवाच्या रूपात प्रत्यक्ष आहे. राजाने शोधाला विद्यापती नावाच्या ब्राह्मणाला धाडलं.

विद्यापती रानं तुडवत शबरांच्या वस्तीत पोहोचला. तिथला मुखिया विश्वावसू रोज कुठेतरी एकटाच जाई आणि परतला की त्याच्या अंगाला चंदन-कापराचा वास येई. विद्यापती तिथेच राहिला. विश्वावसूची मुलगी ललिता हिच्याशी त्याचं लग्न झालं आणि मग त्याने तिच्यामार्फत सासऱ्याकडे लकडा लावला : तुमचा देव मलाही दाखवा. लेकीच्या शब्दापुढे बापाचं काय चालणार! "दाखवतो जावईबापू, पण डोळे बांधून नेईन," एवढीच अट त्याने घातली. जावईबापूंनी कनवटीला मोहरी बांधली आणि वाटभर चिमूट चिमूट सांडत गेले. पाऊस पडला, मोहरी रुजली, पिवळी फुलं आली आणि पिढ्यान् पिढ्या झाकून ठेवलेली वाट उघडी पडली.

बातमी कळताच राजा लवाजमा घेऊन निघाला. पोहोचला तर नीलमाधव नाही! सोनेरी वाळूखाली सगळं गडप. राजाने अन्नपाणी टाकलं, दर्भ अंथरून त्यावर पडला आणि प्राण सोडायचं ठरवलं. तेव्हा आकाशवाणी झाली : त्या रूपात मी तुला दिसणार नाही. समुद्रातून लाकूड येईल, त्याची मूर्ती कर.

लाकूड आलं. बांकी मुहाणाशी किनाऱ्याला लागलेल्या त्या ओंडक्यावर शंख, चक्र, गदा, पद्म यांच्या खुणा होत्या. राजाने हत्ती जुंपले, सैनिक लावले. ओंडका तसूभर हलेना. शेवटी एका बाजूने विश्वावसू शबराने आणि दुसऱ्या बाजूने विद्यापती ब्राह्मणाने हात लावला तेव्हा तो उचलला गेला.

आता कोरणार कोण? राज्यातल्या सुतारांच्या पटाशा त्या लाकडावर बोथटल्या, मोडल्या. मग एक म्हातारा सुतार आला. कोणी म्हणतं तो विश्वकर्मा, कोणी म्हणतं खुद्द देवच. "एकवीस दिवस मला आत कोंडून घ्या. तोवर दार कोणी उघडायचं नाही." राजाने शब्द दिला. आतून ठाकठोक ऐकू येत होती तोवर सगळं ठीक होतं. एक दिवस आवाज थांबला. राणी गुंडिचेच्या पोटात गोळा आला, म्हातारा उपाशीतापाशी आत मरून तर पडला नसेल? मुदत संपायच्या आत राजाने दार उघडवलं. आत सुतार नव्हता. होत्या त्या जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा यांच्या मूर्ती आणि सुदर्शनाचा खांब. मोठे वाटोळे डोळे, बोटांवाचून थिटे हात, पाय नाहीतच. राजाने कपाळाला हात लावला. तेव्हा पुन्हा आवाज आला : मला असंच राहायचं आहे, तू असंच बसव.

यात राजाची परीक्षा कुठे आहे?

बहुतेक जण बंद दाराकडे बोट दाखवतात. धीराची परीक्षा होती, राजा नापास झाला, विषय संपला. पंढरीत देव भक्तासाठी अठ्ठावीस युगं विटेवर थांबला, आणि इथे राजाला देवासाठी एकवीस दिवस थांबवलं नाही, असं म्हणून कीर्तनात टाळीही घेता येईल.

पण दार ही शेवटची परीक्षा आहे. त्याआधीच्या तीन आपण भरभर ओलांडून जातो. देव पाहायचा म्हणून राजा शेकडो कोस आला, देव दिसला नाही. हत्ती आणि फौज ही राजाची खरी भाषा, ती ओंडक्यासमोर चालली नाही. राज्यातले उत्तम कारागीर बोलावले, त्यांची हत्यारं मोडली. म्हणजे राजेपणामुळे जे जे हाताशी होतं ते एकेक करून निकामी ठरत गेलं. उरला फक्त दिलेला शब्द. तोही त्याला पाळता आला नाही.

आपल्याकडच्या दुसऱ्या गोष्टी आठवा. हरिश्चंद्राने राज्य दिलं, बायको-मुलगा विकले, डोंबाघरी राबला, पण सत्त्व सोडलं नाही. श्रियाळ-चांगुणेने पोटचा चिलया अतिथीला रांधून वाढला. दोन्हीकडे परीक्षा संपते, देव प्रसन्न होतो आणि गेलेलं सगळं परत मिळतं : राज्य मिळतं, रोहिदास उठतो, चिलया हाक मारल्यावर धावत येतो. इंद्रद्युम्नाच्या गोष्टीत काहीही परत येत नाही. नीलमाधव परत येत नाही. मूर्तीला हात फुटत नाहीत. राजा चुकला ती चूक गाभाऱ्यात तशीच बसवली आहे आणि तिलाच रोज नैवेद्य दाखवला जातो. मला या कथेचं वेगळेपण इथे वाटतं. परीक्षेत पास न झालेल्या राजाकडेही देव राहिला, पण राजाने ठरवलेल्या रूपात राहिला नाही.

विश्वावसूवर हा सरळसरळ अन्याय नाही का?

आहे. त्याने जावयावर विश्वास ठेवला आणि जावयाने मोहरी पेरली. लोककथेच्या काही रूपांत तर राजा त्याला कैद करतो, मग आकाशवाणी राजाला फटकारते. त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट वेगळीच आहे. काही ठिकाणी सांगतात की नीलमाधवच एके दिवशी विश्वावसूला म्हणाला, "तुझी रानफळं आणि कंदमुळं पुष्कळ खाल्ली, आता मला राजाघरचं शिजवलेलं अन्न हवं आहे." आयुष्यभर ज्याची एकट्याने पूजा केली त्याने असं म्हणावं! राजाच्या परीक्षेची एवढी चर्चा होते, पण खरा कस इथे या म्हाताऱ्याचा लागला आहे.

एक मात्र आहे. कथा त्याला विसरत नाही. ओंडका त्याच्या हाताशिवाय उठत नाही, आणि देवाचे सोयरे म्हणून त्याच्या वंशजांचा मान देवळात आजही आहे. त्याबद्दल खाली दैतांच्या उत्तरात येईलच.

हे सगळं पुराणात असंच आहे का?

नाही. स्कंदपुराणातलं पुरुषोत्तमक्षेत्र माहात्म्य हा मोठा संस्कृत आधार. त्यात नारद राजाच्या बरोबर असतो आणि राजा त्याच्या सांगण्यावरून हजार अश्वमेध करतो. मोहरी, कैद, राणीची घालमेल असा ज्या भागाचा लोकांना लळा आहे तो मुख्यतः ओडिया लोकपरंपरेत रंगला. देऊळ कसं उभं राहिलं ते सांगणाऱ्या या कथेला तिकडे 'देउळतोळा' म्हणतात.

पंधराव्या शतकात सारळा दासाने ओडियात महाभारत लिहिलं, त्यात तर सूत्रच निराळं आहे. जरा शबराचा बाण लागून कृष्णाचा देहान्त होतो, देह चितेवर पुरता जळत नाही, तो समुद्रात सोडला जातो आणि तोच पुढे लाकूड होऊन पुरीला लागतो. म्हणजे शबर इथेही आहे, फक्त आधी मारेकरी म्हणून आणि मग पुजारी म्हणून.

एकवीस दिवस की पंधरा?

दोन्ही ऐकायला मिळतात. तोंडी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत एकवीस जास्त प्रचलित. दार नेमकं कितव्या दिवशी उघडलं यावरून वाद घालण्यात मजा नाही, ते मुदतीआधी उघडलं एवढं सगळीकडे सारखं.

दोष राणीचा की राजाचा?

सांगणारे सहसा राणीवर ढकलतात. बायकांना दम निघत नाही वगैरे वगैरे. पण गुंडिचेला भीती कसली वाटली ते पाहा. मूर्ती पाहायची उत्सुकता तिला नव्हती, आत एक म्हातारा माणूस मेला असेल याची काळजी होती. देवाच्या मूर्तीपेक्षा सुताराचा जीव मोठा मानला म्हणून मूर्ती अपुरी राहिली, असं म्हटलं तर तो दोष की आणखी काही, हे ज्याचं त्याने ठरवावं. देवाने स्वतः तिच्यावर राग धरलेला दिसत नाही. दर वर्षी रथात बसून तो जातो ते तिच्याच नावाच्या मंदिरात. पुरीत रथयात्रेला गुंडिचा यात्रा असंही म्हणतात.

मूर्ती आधीपासूनच तशी होती आणि गोष्ट मागून रचली, असं असू शकेल ना?

अनेक अभ्यासकांचं मत त्याच दिशेने जातं. ओडिशाच्या डोंगराळ भागातल्या आदिवासी जमाती लाकडी खांबाच्या रूपात देव पुजत आल्या आहेत. जगन्नाथाची मूर्ती पाहिली की तो खांब लपत नाही, त्यावर डोळे आले, थिटे हात आले, एवढंच. सुदर्शन तर आजही निव्वळ खांबच आहे. मग रानातल्या देवाला राजाश्रय मिळाला आणि शिल्पशास्त्रात न बसणाऱ्या रूपाचं कारण सांगायची वेळ आली तेव्हा बंद दाराची कथा आली, हे पटण्यासारखं आहे.

आणि हे पटलं म्हणून कथा खोटी पडत नाही. शबरांकडून देव राजाकडे कसा गेला ही आठवण कथेने मोहरीसकट जपून ठेवली आहे. राजाच्या पदरी असलेल्या भाटाने ती रचली असती तर आपला राजा इतका हतबल दाखवला असता का?

राजा ब्रह्मलोकात गेला तो भाग काय आहे?

हा भाग बहुतेक वेळा गाळतात आणि माझ्या मते तोच सगळ्यात चटका लावणारा आहे. देऊळ बांधून झालं. प्रतिष्ठा करायला ब्रह्मदेवच हवा म्हणून राजा नारदाबरोबर ब्रह्मलोकी गेला. तिथे ब्रह्मदेवाचं गायन-पूजन आटोपेपर्यंत थोडा वेळ थांबला. खाली परत आला तर युगं उलटून गेली होती! बायको-मुलं, प्रजा, राजधानी, कोणी म्हणून ओळखीचं उरलं नव्हतं. त्याचं देऊळ वाळूत गाडलं गेलं होतं आणि भलत्याच राजाने, गालमाधवाने, ते उकरून काढलं होतं. लोककथेत म्हणतात की किनाऱ्यावरून जाताना त्याचा घोडा वाळूतून वर आलेल्या कळसाला ठेचकाळला.

गालमाधव म्हणाला देऊळ माझं. इंद्रद्युम्न म्हणाला मी बांधलं. साक्षीदार कोण आणणार? अखेर युगानुयुगं वडावर बसून असलेल्या भुशुंडी कावळ्याने साक्ष दिली. म्हणजे राजाची सगळी पुण्याई शेवटी एका कावळ्याच्या शब्दावर उभी राहिली.

राजाने निपुत्रिक होण्याचा वर मागितला हे खरं?

लोकपरंपरेत तसं सांगतात. मूर्ती बसली, देव प्रसन्न झाला, माग म्हणाला. राजाने मागितलं : तुझं दार दिवसातून थोडाच वेळ बंद राहू दे, तुझा हात जेवून कधी सुकू नये, आणि माझा वंश इथेच संपू दे, म्हणजे हे देऊळ आमचं आहे असं म्हणणारा कोणी उरणार नाही.

गालमाधवाशी "माझं-माझं" करून भांडलेला हाच माणूस. त्या भांडणानंतर हा वर वाचला की अंगावर काटा येतो. राजाला वंश म्हणजे सर्वस्व, त्यासाठी राजे यज्ञ करत. बाकी साऱ्या परीक्षा त्याच्यावर येऊन पडल्या होत्या, ही एकटी त्याने आपणहून दिली.

महाभारतातला इंद्रद्युम्न आणि हा एकच का?

परंपरा एकच मानते. वनपर्वात मार्कंडेय ऋषी पांडवांना त्याची गोष्ट सांगतात. पृथ्वीवर कीर्ती असेपर्यंतच स्वर्गात जागा, असा नियम. इंद्रद्युम्नाची कीर्ती विसरली गेली आणि तो स्वर्गातून खाली पडला. "मला ओळखता का?" म्हणून त्याने चिरंजीव मार्कंडेयाला विचारलं. त्याला आठवेना. त्याच्याहून जुनं एक घुबड हिमालयात होतं, राजा घोडा झाला आणि ऋषीला पाठीवर घेऊन तिथवर गेला. घुबडालाही ठाऊक नाही. त्याहून जुना नाडीजंघ बगळा, त्यालाही नाही. त्याहून जुना अकूपार कासव. कासवाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, यालाच ओळखणार नाही तर कोणाला? याने दान दिलेल्या गाईंच्या खुरांनी जमीन खोल गेली, त्याचंच हे सरोवर झालं, त्यातच मी राहतो. त्याबरोबर राजाला न्यायला स्वर्गातून रथ आला.

भागवताच्या आठव्या स्कंधातला, अगस्तींच्या शापाने हत्ती झालेला, पुढे गजेंद्र म्हणून मगरीच्या तावडीतून सुटलेला इंद्रद्युम्न मात्र वेगळा. तो पांड्य देशाचा राजा.

इंद्रद्युम्न इतिहासात होऊन गेला का? मग देऊळ कोणी बांधलं?

इंद्रद्युम्न पुराणातला राजा, त्याचा शिलालेख वगैरे नाही. आज उभं असलेलं देऊळ पूर्व गंग घराण्यातल्या अनंतवर्मन चोडगंगाने बाराव्या शतकात बांधायला घेतलं. त्याच घराण्यातल्या तिसऱ्या अनंगभीमाने तेराव्या शतकात राज्याचा खरा धनी पुरुषोत्तम जगन्नाथ आणि आपण त्याचे चाकर, असं जाहीर केलं. यात भक्ती होती तसं राजकारणही होतं, देवाच्या नावाने चालणाऱ्या राज्याविरुद्ध उठणं सरदारांना जड जातं.

इंद्रद्युम्नाचं नाव पुढे पदवीसारखं वापरलं गेलं. १५६८ मध्ये बंगालच्या सुलतानाच्या काळापहाड नावाच्या सरदाराने पुरीवर चाल केली, मूर्ती नेऊन जाळल्या. विसर महांती नावाचा भक्त त्यांच्या मागावर गेला आणि मूर्तीच्या पोटातला ब्रह्मपदार्थ (जुन्या मूर्तीतून नव्या मूर्तीत ठेवली जाणारी वस्तू, तिच्याबद्दल शेवटी येईल) मृदंगात लपवून ओडिशात परत घेऊन आला. पुढे खुर्द्याच्या रामचंद्रदेवाने नव्या मूर्ती घडवून पूजा पुन्हा सुरू केली, म्हणून त्याला दुसरा इंद्रद्युम्न म्हटलं गेलं.

पुरीचा राजा रथ का झाडतो?

या सेवेला 'छेरा पहंरा' म्हणतात. आषाढ शुद्ध द्वितीयेला तिन्ही देव रथात बसले की गजपती महाराज पालखीतून येतात आणि सोन्याच्या मुठीच्या झाडूने एकेका रथाचा चौथरा झाडतात, चंदनाचं पाणी शिंपडतात. त्यानंतरच रथ ओढले जातात. गजपती हा जगन्नाथाचा आद्य सेवक आणि त्याची सेवा झाडूची. १९५५ च्या कायद्याने देवळाचा कारभार सरकारने नेमलेल्या समितीकडे गेला, तिचं अध्यक्षपद गजपतींकडे आहे, पण लोकांना आठवतो तो झाडूच.

या झाडूवरून एक लढाई झाल्याची आख्यायिका आहे आणि तीही राजाच्या परीक्षेचीच. पंधराव्या शतकातला गजपती पुरुषोत्तमदेव. कांचीच्या राजकन्येशी, पद्मावतीशी, त्याचं लग्न ठरत होतं. कांचीच्या राजाला कळलं की हा रथ झाडतो. "झाडूवाल्याला मुलगी देत नाही," असा निरोप आला. पुरुषोत्तमदेव चालून गेला आणि हरला. मग त्याने जगन्नाथाच्या पायाशी गाऱ्हाणं घातलं आणि पुन्हा निघाला. चिलिका सरोवराजवळ माणिका नावाची गवळण वाट अडवून उभी. म्हणाली, तुमचे दोन शिपाई पुढे गेले, एक काळ्या घोड्यावर, एक पांढऱ्या. ताक प्यायले आणि पैशांऐवजी ही अंगठी देऊन गेले, म्हणाले मागून राजा येतोय तो पैसे देईल. अंगठी जगन्नाथाची होती! त्या गावाचं नाव आजही माणिकपाटणा.

राजा जिंकला. अपमान डोक्यात होताच, पद्मावतीला पकडून आणलं आणि प्रधानाला हुकूम सोडला, हिचं लग्न झाडूवाल्याशी लावून दे. प्रधान शहाणा निघाला. रथयात्रेपर्यंत गप्प राहिला आणि राजा रथ झाडत असताना मुलीला पुढे करून म्हणाला, "महाराज, याहून चांगला झाडूवाला मला सापडला नाही." देवापुढे झाडू धरणं ही राजाची भक्ती की नुसता रिवाज, हे त्या एका वाक्याने तपासलं. आपण झाडूवाले आहोत हे त्याला चारचौघांत कबूल करावं लागलं.

दैता कोण?

विश्वावसूचे वंशज मानले जाणारे सेवेकरी. विद्यापतीच्या वंशजांना पती महापात्र म्हणतात. एरवी ब्राह्मण पुजाऱ्यांची पूजा चालते, पण ज्येष्ठ पौर्णिमेच्या स्नानानंतर देवाला ताप येतो आणि पंधरवडाभर दर्शन बंद असतं. या काळाला 'अणसर' म्हणतात. तेव्हा देवाची शुश्रूषा दैतांकडे असते, काढे आणि फळं चालतात. राजाघरचं शिजवलेलं अन्न मागणारा देव आजारी पडला की पुन्हा फळांवर येतो, पुन्हा शबरांच्या हाती.

नवकलेवराच्या वेळीही तेच. लाकडाच्या मूर्ती बदलाव्या लागतात, त्या अधिक आषाढ येतो अशा वर्षी. मागच्या शतकात १९१२, १९३१, १९५०, १९६९, १९७७, १९९६ आणि या शतकात २०१५ साली हे झालं. दैता आधी काकटपूरच्या मंगला देवीकडे कौल लावतात, मग खुणांचा कडुनिंब शोधत फिरतात. जुन्या मूर्ती देवळाच्या आवारातल्या कोइली वैकुंठात पुरल्या जातात आणि दैता घरचं माणूस गेल्यासारखं सुतक पाळतात. राजा सुतक पाळत नाही, पुजारी पाळत नाहीत. ज्यांच्याकडून देव आणला, नातं त्यांचंच राहिलं.

या गोष्टीशी मराठ्यांचा काही संबंध?

गोष्टीशी नाही, देवळाशी आहे. १७५१ मध्ये अलीवर्दीखानाकडून ओडिशा नागपूरकर रघुजी भोसल्यांकडे आला आणि १८०३ मध्ये इंग्रजांनी घेईपर्यंत देवळाची व्यवस्था मराठ्यांच्या देखरेखीखाली होती. सिंहद्वारासमोरचा अखंड दगडाचा अरुणस्तंभ मूळ कोणार्कच्या सूर्यमंदिरापुढचा, तो मराठ्यांच्या काळात पुरीला आणून उभा केला.

गोष्टीतल्या जागा आज पाहता येतात का?

बऱ्याचशा येतात. इंद्रद्युम्न सरोवर गुंडिचा मंदिराच्या जवळच आहे, पुरीच्या पंचतीर्थांपैकी एक. गुंडिचा मंदिर मोठ्या देवळापासून साधारण तीन किलोमीटरवर, सरळ रुंद रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला. मूर्ती इथेच कोरल्या गेल्या असं मानतात, म्हणून देव तिथे जातो ते जन्मघरी गेल्यासारखं. समुद्राकडे गेलात तर चक्रतीर्थ आणि बांकी मुहाण. नीलमाधवासाठी मात्र वाट वाकडी करावी लागते : नयागड जिल्ह्यात महानदीकाठी कंटिलो इथे टेकडीवर त्याचं देऊळ आहे. नीलाचल म्हणजे पुरीच, हे स्कंदपुराणाचं म्हणणं तिथल्या लोकांना मान्य नाही. विश्वावसूचा देव आमच्याकडचाच, असं ते सांगतात. मोठ्या देवळात फक्त हिंदूंना प्रवेश आहे आणि मोबाइल बाहेर ठेवावा लागतो.

मूर्तीच्या आतला ब्रह्मपदार्थ म्हणजे काय?

जुन्या मूर्तीतून नव्या मूर्तीत ठेवली जाणारी वस्तू. नवकलेवराच्या वेळी ज्येष्ठ दैता ती हलवतात. त्यांच्या डोळ्यांवर पट्टी असते आणि हातांना कापड गुंडाळलेलं असतं, म्हणजे दिसूही नये आणि हाताला कळूही नये. विश्वावसूने जावयाचे डोळे बांधले होते, आता त्याचे वंशज स्वतःचे बांधून घेतात. त्या वेळी गाभाऱ्याचं दार बंद असतं, गजपती बाहेर असतात आणि काम संपेपर्यंत ते कोणी उघडत नाही.